पिवळ्या द्रावणातले दहा दिवस

मला तिचा पहिला हेवा वाटला तो एका काचपट्टीवरून. बीडच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.ला आम्ही दोघी एकाच बाकावर बसायचो. माशाचं वृषण मेणाच्या ठोकळ्यात बसवायचं, मायक्रोटोमच्या पात्यावर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचं आणि काचेवर घेऊन रंगवायचं, असं ते प्रॅक्टिकल होतं. माझी मेणाची फीत दर दोन वळशांनी तुटत होती. तिच्या हाताखालून मात्र शेवई पाटावरून सुटावी तशी सलग फीत येत होती.

मॅडमनी तिची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, बराच वेळ बघितली आणि म्हणाल्या, "सगळे इकडे या. वृषण काय असतं ते आज बघून घ्या."

मी मुद्दाम शेवटी गेले. आत छोट्या छोट्या खोल्या दिसत होत्या. एका खोलीत सगळ्या पेशी एकाच वयाच्या. इथं मोठ्या, फिकट, नुकत्या कामाला लागलेल्या. शेजारी त्याहून लहान आणि गडद. आणि मधल्या पोकळीत खसखस सांडावी तसे तयार शुक्राणू. ते इतकं स्वच्छ दिसत होतं की मी डोळा काढून पुन्हा लावला.

"रंग जरा जास्त झालाय गं," मी म्हणाले.

"हो का?" तिनं खरंच वाकून पुन्हा बघितलं. रंग जास्त झालेला नव्हता.

ती आष्टी तालुक्यातली. आईवडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे आणि उन्हाळ्यात परत यायचे. ती पाचवीपासून वसतिगृहात वाढलेली. मी पालीची. बिंदुसरा धरणाच्या काठी आमचं थोडं बागायत रान आणि चाळीसेक मेंढरं. रोज सकाळी गरम भाकरीचा डबा घेऊन मी कॉलेजला यायचे. आता कुणी म्हणेल, ज्या पोरीकडे तुझ्यापेक्षा सगळंच कमी, तिच्यावर कसलं जळायचं? पण तेच होतं. ती पास झाली तरी लोकांचे डोळे भरून यायचे. मी पास झाले तर, "तुला काय, घरचं सगळं हाय," म्हणायचे. मला तिच्या हातांचा हेवा वाटायचाच, हळूहळू तिच्या हालअपेष्टांचाही वाटायला लागला. हे लिहिताना लाज वाटते, पण ते तसंच होतं.

पीएच.डी.ला मॅडमनी आम्हा दोघींनाही घेतलं. विषय एकाच घरातले, माशाच्या नरात शुक्राणू कधी आणि कुणाच्या सांगण्यावरून तयार होतात. मॅडमनी पहिल्याच दिवशी फळ्यावर माशाचं डोकं काढलं. मेंदूच्या तळाशी मोहरीएवढी पियूषिका ग्रंथी. "वरून मेंदू हिला हुकूम देतो," त्या म्हणाल्या, "आणि ही रक्तात दोन हार्मोन सोडते. एफएसएच आणि एलएच. पहिलं वृषणातल्या दाई पेशींना जागं करतं. त्या दाया कोवळ्या पेशींना सांभाळतात, वाढवतात. दुसरं नरपणाचं हार्मोन तयार करायला लावतं. दोन्ही वेळेवर आली तर पीक उभं राहतं. वरचा हुकूमच थांबला, तर खाली सगळं असूनही काही होत नाही."

माझ्या वाट्याला रोहू आला. दर महिन्याला पालीच्या धरणावरच्या भोयांकडून नर आणायचे, वृषण काढायचं, वजन करायचं, कापायचं, बघायचं. हिवाळ्यात ते दोऱ्यासारखं बारीक असायचं, दिवस मोठे होत गेले की फुगायचं, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी पोट नुसतं दाबलं तरी दुधासारखा पांढरा थेंब बाहेर यायचा. काम सरळ होतं आणि बऱ्यापैकी आधीच माहीत असलेलं होतं. तिला चिलापी मिळाली. हा मासा टाकीतही मजेत राहतो. तिनं चिलापीच्या नरांना हार्मोनची सुई द्यायची आणि वृषणात काय फरक पडतो ते बघायचं, असं ठरलं होतं.

पण तिचं काम नीट बसेना. सुई न दिलेल्या टाकीतलेही नर सारखे नसायचे. एकाचं वृषण भरलेलं, बाकीच्यांचं सुकलेलं. मॅडम म्हणायच्या, मासे नीट निवडले नाहीस. मी वरून समजूत घालायचे आणि आतून बरं वाटून घ्यायचे.

अशातच एका रविवारी मी तिला घरी आणलं. माझ्या आईला ती पहिल्या तासातच आवडली. वसतिगृहातली पोर म्हणून आईनं तिच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला, माझ्या भाकरीवर ठेवायचा राहून गेला. जेवण झाल्यावर बाबा ओसरीवर घोंगडं टाकून बसले आणि ती त्यांना मेंढरांचं विचारत बसली. मी भांडी विसळत ऐकत होते.

"मामा, तो बारका मेंढा कोपऱ्यात का बरं उभा हाय? आजारी हाय का?"

"आजारी न्हाई पोरी. थोरला हाय ना कळपात. थोरला हाय तवर बारका मान वर करीत न्हाई. त्याला माजच याद राहत न्हाई."

"आणि थोरला नसला तर?"

"गेल्या साली एक थोरला इकला. चार दिसांत त्याच्या खालचा गडी दगडाला धडका मारायला लागला. जनावर तेच, अंग तेच. वरचा गेला, बस्स."

ती झटकन उठली. माझ्याकडे आली. तिचे डोळे चमकत होते. "माझ्या टाकीतबी तेच होतंय गं. एक काळा पडलेला नर सगळ्यांना पाइपाजवळ दाबून ठेवतो. त्याचंच वृषण भरलेलं असतं. बाकीच्यांना खायला तेच, पाणी तेच. मला सुई द्यायचीच गरज न्हाई. त्या एकाला बाहेर काढलं तर?"

बाबांचं ते बोलणं मी जन्मापासून ऐकत आले होते. ते माझे वडील, ती माझी ओसरी, ते माझ्या दारातले मेंढे. मी कधी कान दिला नव्हता. ती एकदाच आली, एक भाकरी खाल्ली आणि माझ्या घरातून तिचा प्रबंध घेऊन गेली.

सोमवारी मॅडम खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "बाहेर असं काम झालंय," त्या म्हणाल्या, "पण आपल्याकडच्या माशावर, दर दिवसाचं वृषण बघत जाऊन? कर. लगेच कर." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तू जरा हिच्यासारखं डोळे उघडे ठेवून बघत जा."

त्या वाक्यानं माझं जे झालं ते मी कुणाला सांगितलं नाही. रोहूचं पोट चिरता चिरता कात्री माझ्या बोटात घुसली.

तिनं तीन महिने टाक्यांसमोर वहीत लिहीत घालवले. कुठला नर वर, कुठला खाली, कोण कुणाला हाकलतो. मग वेगवेगळ्या दिवशी तिनं एकेका टाकीतला काळा नर जाळीत धरून काढला. पहिल्या सकाळी मीही तिथं होते, मदतीला म्हणून. पाणी निवळायच्या आत पाइपाजवळचा एक फिकट मासा मधोमध आला. बघता बघता त्याच्या अंगावर शाई सांडल्यासारखा काळा रंग चढला आणि तो तळच्या वाळूत खड्डा करायला लागला. ती टाळ्या वाजवत होती. मीही वाजवल्या.

मग एकाच दिवशी तिनं सगळ्या टाक्यांतल्या त्या वर आलेल्या नरांची वृषणं काढून बाटल्यांत ठेवली. काळा नर निघून कुठल्या टाकीत एक दिवस झाला होता, कुठल्या टाकीत तीन, पाच, आठ, म्हणजे सगळ्या अवस्था एकदमच हारीनं मिळाल्या. बाटल्यांत ताजी ऊती घट्ट करणारं पिवळं द्रावण असतं. ते बोटाला लागलं की हळद लागल्यासारखं चार दिवस जात नाही. त्यात ऊती एक दिवस ठेवायची, मग ते ओतून टाकून अल्कोहोल घालायचं. जास्त राहिली की ती कडक होते, पात्याखाली भुगा होतो. हे आम्हा दोघींना पाढ्यासारखं पाठ होतं.

बाटल्या भरल्या त्याच दुपारी तिचा फोन वाजला. तिकडे घाटाखाली, उसाच्या फडात, तिच्या आईचा हात कोयत्यानं कापला होता. अंगठ्यापासून मनगटापर्यंत. पिशवीत दोन कपडे कोंबत ती मला म्हणाली, "उद्या दुपारी तेवढं पिवळं पाणी काढून अल्कोहोल टाकशील? मला दुसरं कुणी न्हाई सांगायला."

"जा तू. मी बघते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी प्रयोगशाळेत गेले. अल्कोहोलची मोठी बाटली काढली. तिचं कपाट उघडलं. तिच्या बारीक, नीट अक्षरातली पेन्सिलची चिठ्ठी प्रत्येक बाटलीत बुडालेली होती. काम पंधरा मिनिटांचं होतं. मी कपाट लावलं आणि माझ्या रोहूकडे गेले. स्वतःला सांगितलं, संध्याकाळी करू.

संध्याकाळी केलं नाही. तिसऱ्या दिवशी मला अजून म्हणता आलं असतं की विसरले. चौथ्या दिवशी आता उशीर झालाच आहे असं म्हणाले. पाचव्या दिवसापासून मी काहीच म्हणेनाशी झाले. रोज जायचे, कपाट उघडायचे, बघायचे आणि बंद करायचे. मॅडम परीक्षेच्या कामाला परगावी होत्या. मला कुणी अडवत नव्हतं आणि कुणी भागही पाडत नव्हतं.

घरी आईनं विचारलं, "तिच्या मायचा हात कसा हाय?"

मी विचारलंच नव्हतं. "बरा हाय," म्हणून सांगितलं.

दहाव्या दिवशी तिचा फोन आला की ती निघाली आहे. तेव्हा मी गेले, सगळं पिवळं द्रावण ओतलं आणि अल्कोहोल घातलं. माझी बोटं पिवळी झाली. ती मी साबणानं, मग राखेनं घासली. ती आली तेव्हा बाटल्या अगदी जशा असायला हव्यात तशा दिसत होत्या.

ती आली ती निम्मी होऊन. आईचा अंगठा वाचला होता, पण मूठ मिटत नव्हती. त्याच दिवशी तिनं ठोकळे करायला घेतले. मायक्रोटोमवर पहिला ठोकळा चढवला आणि चाक फिरवलं. फीत आली नाही. मेण आलं आणि मधल्या जागेतून पिवळसर पूड झडली. तिनं पातं बदललं. ठोकळा गार केला, परत लावला. पूडच. दुसरा ठोकळा, तिसरा. शेवटी ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तू दुसऱ्या दिवशी बदललं होतंस ना?"

"हो."

"मग माझंच द्रावण चुकलं असंल. घाईत होते मी."

मॅडमनी तिला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. "इतकी साधी गोष्ट? तुझ्याकडून?" ती मान खाली घालून ऐकत होती. त्या वेळी मला जे वाटलं ते गोड होतं. खोटं कशाला सांगू. चहाच्या पहिल्या घोटासारखं गोड. ते जेमतेम त्या दुपारपुरतं टिकलं.

कारण ती रडली नाही की कुणावर चिडली नाही. ती स्वतःची चूक शोधत बसली. द्रावणाचं माप तीन वेळा पुन्हा काढलं. तराजू तपासला. वहीच्या समासात लिहिलं, "माझ्या हातून काय झालं?" ती वही उघडी राहिली होती, मी वाचलं. नवे मासे आणून त्यांचे वर-खाली ठरेपर्यंत पुन्हा तीन-चार महिने जाणार होते. तिकडे वडिलांचा निरोप आला होता की आईला आता कोयता धरता येत नाही, शिक्षण लई झालं, घरी ये. मार्चमधल्या एका दुपारी तिनं टाक्यांचं पाणी सोडायला सुरुवात केली.

"काय करतेस?"

"आवरते. माझ्या हातात काय राम न्हाई गं. मला वाटलं होतं हात चांगला हाय आपला."

बाकी काहीही म्हणाली असती तरी मी गप्प राहिले असते, असं मला आजही वाटतं. पण तिच्या हातांवर मी सगळ्यांत जास्त जळले होते आणि त्याच हातांवरचा तिचा विश्वास मी उडवला होता. मी नळ बंद केला आणि सांगून टाकलं.

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिनं अगदी हळू विचारलं, "पुरे दहा दिवस?"

"हो."

"तू रोज येत होतीस ना इथं?"

"हो."

"कपाट उघडून बघत होतीस?"

"हो."

"मी तिकडं मायला हातानं भरवत होते," ती म्हणाली. तेवढंच. मग तिनं ओढणीला हात पुसले. "मॅडमला तू सांग. मी सांगणार न्हाई. आत्ताच जा."

मी गेले. मॅडमनी ऐकून घेतलं आणि हात पुढे करून प्रयोगशाळेची किल्ली मागितली. माझं कपाट, माझ्या मायक्रोटोमच्या वेळा सगळं तिला मिळालं. मला वर्षभर त्यांनी आत घेतलं नाही. माझा रोहू एक पूर्ण ऋतू चुकला. नंतर परत घेतलं तेव्हा म्हणाल्या, "शिक्षा संपली असं समजू नकोस. काम संपव." पुष्कळ लोकांनी नंतर मला सोडवायचा प्रयत्न केला. एकजण तर म्हणाला, तुझंही त्या खालच्या चिलापीसारखंच झालं, वरचा दाबतो म्हणून. मी त्याला थांबवलं. चिलापी कुणाची बाटली नासवत नाही. मी केलं ते समजून केलं.

तिनं प्रयोग पहिल्यापासून पुन्हा केला आणि तो जमला. तिसऱ्या दिवशीच कोवळ्या पेशी विभागायला लागलेल्या, आठव्या दिवशी खोल्या भरत आलेल्या. आणि पियूषिकेत त्याच्याही आधी हालचाल. तिच्या प्रबंधात आभारांच्या पानावर माझ्या बाबांचा उल्लेख आहे. माझा नाही.

ती माझ्याशी बोलायची बंद झाली. पण आमच्या घरी येणं तिनं बंद केलं नाही. हे मला फार जड गेलं. रविवारी मी बाजारातून यावं आणि उंबऱ्याशी तिच्या चपला दिसाव्यात, आतून आईचं हसणं ऐकू यावं. मी माघारी वळून धरणाच्या भिंतीवर जाऊन बसायचे. एकदा आईला सगळं सांगितलं आणि म्हणाले, "तिला येऊ नको म्हणावं, निदान मी घरी असताना." आई ज्वारी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"ती येणार," आई म्हणाली. "तुजं तू निस्तर."

मी आता ज्युनिअर कॉलेजात शिकवते. ती मत्स्यबीज केंद्रावर आहे. बंद तळ्यात रोहू आपणहून अंडी घालत नाही, त्याला वाहतं पाणी लागतं. ते नसलं की मेंदू हुकूम अडवून धरतो. मग नराला आणि मादीला पाठीत सुई देऊन तो अडसर काढावा लागतो. तिच्या सुईला आलेले मासे फसत नाहीत, असं जिल्ह्यात बोललं जातं. ते ऐकलं की अजून माझ्या छातीत बारीक कळ येते. पूर्वी ती तोंडावाटे बाहेर पडायची, आता आतच राहते, एवढाच फरक.

गेल्या पावसाळ्यात प्राचार्यांनी माझ्या वर्गाची सहल त्याच केंद्रावर ठरवली. मला नाही म्हणता आलं नाही. ती फाटकाशी आली, मुलांसमोर म्हणाली, "या मॅडम. तुमी पुढं व्हा." कितीतरी वर्षांनी ती माझ्याशी बोलली, तेही अहो-जाहो करत. ती मुलांना टाक्या दाखवत होती, मी मागे वही धरून उभी होते.

तिनं हापा नावाच्या कापडी जाळीतून रोहूचा मोठा नर काढला. तो सुटायला बघत होता आणि तिचा मदतनीस त्या दिवशी आला नव्हता. तिनं इकडेतिकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"धर की गं. शेपटीला न्हाई, पोटाखाली. नीट."

मी वही खाली ठेवली आणि धरला. मासा थंडगार आणि जड होता. तिनं अंगठ्यानं पोटावरून हलकेच खाली दाब दिला, पांढरा थेंब आला, तो तिनं काचपट्टीवर घेतला. "माशाचे शुक्राणू अंगात असेपर्यंत झोपलेले असतात," ती मुलांना सांगत होती. "पाणी लागलं की उठतात. जेमतेम मिनिटभर पोहतात. तेवढ्यात अंडं गाठलं तर गाठलं." मी मासा हाप्यात सोडल्यावर तिनं काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि ड्रॉपर माझ्या हातात दिला. "तू बघ आदी. डोळा लावून मग पाणी सोड."

मी डोळा लावला. निश्चल पांढरी रांगोळी होती. मी पाणी सोडलं आणि एका क्षणात सगळं उसळलं, असंख्य ठिपके, चारी बाजूंना, गर्दी करून. हे ती रोज बघते, असा हेवा माझ्या मनात आला, आणि इथंही तो आलाच म्हणून मला हसू फुटलं. वेग मंदावत गेला. एकेक ठिपका थांबला. मी डोळा काढला नाही.

"मॅडम, आम्हाला?" मागून एका मुलीनं विचारलं.

"संपलं," मी म्हणाले.

"सगळं एकटीनंच बघितलं हिनं," ती मुलांना म्हणाली आणि दुसरी काचपट्टी पुसायला घेतली. "थांबा, दुसरा थेंब घेऊ. अगं, तू मासा धर ना."